रिपोर्ट आणि पिशवी यांच्या मधलं

धर्मापुरीच्या, मागं भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या बायांनो,

आधी तुम्ही पुढं या. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी ठेवल्यात, पण आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. बापे माणसं उठून जाणार नसतील, आणि त्यांनी जाऊ नये असंच मला वाटतं, तर त्यांनी जरा मागं सरकावं.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना गावात कुणी नावानं हाक मारली नाही. त्या सगळ्यांच्या ‘बाई’ होत्या. संध्याकाळी भांडी-पाणी उरकून आलेल्या प्रौढ बायांना त्या अक्षर शिकवायच्या. एखादीला सही जमली की तिला शाबासकी द्यायच्या आणि लगेच दम भरायच्या, “आता आली म्हणून कुठंबी करू नको. आधी वाच. वाचता येईना तर दुसऱ्याकडून वाचून घे. मग सही.” मी तेव्हा लहान होते आणि आईच्या पदराला धरून त्या वर्गात बसायचे. पुढं डॉक्टर झाले, अंबाजोगाईला शिकले, बायकांच्या आजारात आयुष्य गेलं. बाईंचं ते वाक्य किती मोलाचं होतं हे मला दवाखान्यात कळलं.

एक बाई माझ्याकडं आली होती. वय चौतीस. बारा वर्षं ऊसतोडीच्या कोयत्यावर. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. कुठल्याशा तपासणीत तिचा पॅप स्मिअर घेतला होता. तिनं पोलक्यातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून चार घड्या घातलेला रिपोर्ट काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाली, “ताई, वाचू नका. मला म्हाईतीय. पिशवीला सूज हाय, उद्या कॅन्सर हुईल. काढायची म्हणलेत. पैशाची उचल बी झालीया. फकस्त तुमी म्हणाल तर तुमच्याकडं काढते, बाई डॉक्टर म्हणून.” मी रिपोर्ट वाचला. त्यावर इंग्रजीत एवढंच होतं: इन्फ्लमेटरी स्मिअर, कर्करोगपूर्व पेशी नाहीत.

म्हणजे साधी सूज, बहुधा जंतुसंसर्ग. गोळ्या घेऊन आठ-पंधरा दिवसांत बरा होणारा. त्या कागदाच्या जोरावर ही बाई वयाच्या चौतिसाव्या वर्षी गर्भाशय काढून घ्यायला तयार होती. मुकादमाकडून घेतलेली उचल त्यात घालणार होती आणि पुढचा हंगाम ती उचल फेडण्यात जाणार होता.

ही एकटीची गोष्ट असती तर मी आज इथं उभी राहिले नसते. २०१९ साली बीड जिल्ह्याचं नाव या कारणासाठी देशभर झालं. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. दर सहाजणींमागं एक. बहुतेक शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झालेल्या. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय अशी शस्त्रक्रिया करायची नाही, असा नियम बीडमध्ये आला. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढायची, फडात आडोसा नाही, कोपीत पाणी नाही. या सगळ्याबद्दल तेव्हा खूप लिहून आलं आणि ते खरंच आहे. पण मला त्यातली एकच गोष्ट आज हातात घ्यायची आहे. या बायांपैकी कितीतरी जणींच्या तोंडी एकच वाक्य असतं: “कॅन्सर हुईल म्हणले.”

कॅन्सरची भीती खोटी नाही. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग, आपल्या भाषेत पिशवीच्या तोंडाचा, आपल्या देशात २०२२ या एका वर्षात सव्वा लाखांहून जास्त स्त्रियांना झाल्याचा आणि ऐंशी हजारांच्या आसपास स्त्रिया त्यानं गेल्याचा जागतिक अंदाज आहे. पण ज्या भीतीनं बीडमध्ये हजारो पिशव्या निघाल्या, त्याच भीतीपोटी साधी तपासणी मात्र झाली नाही. देशाच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना विचारलं होतं, ही तपासणी कधी एकदा तरी केली का. शंभरातल्या दोघीसुद्धा हो म्हणाल्या नाहीत. तपासणी न करताच उपचार, आणि उपचार कसला, तर सगळ्यात मोठा.

रिपोर्ट हातात येणं आणि पिशवी काढणं, या दोन टोकांच्या मधे बरीच मोठी जागा आहे. तीच जागा आपल्या बायांना कुणी दाखवली नाही. आज मला ती दाखवायची आहे.

पिशवी म्हणजे गर्भाशय. ते खाली योनीत जिथं उघडतं तो भाग म्हणजे तिचं तोंड. कर्करोग बहुतेक वेळा त्या तोंडाच्या कडेवर, एका अरुंद पट्ट्यात सुरू होतो. तो एका रात्रीत होत नाही. त्याच्या मुळाशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. हेराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानं १९८३ आणि १९८४ मध्ये त्याचे सोळा आणि अठरा क्रमांकाचे प्रकार या कर्करोगाच्या पेशींमध्ये शोधून काढले. त्यासाठी २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या दोन प्रकारांमुळंच जगातले सुमारे सत्तर टक्के असे कर्करोग होतात.

आता एक गोष्ट मी सावकाश सांगणार आहे, कारण तिच्यावरून संसार मोडताना मी पाहिले आहेत. एचपीव्ही शरीरसंबंधातून येतो. लग्न झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी होऊन जातो, अगदी सर्दी होऊन जावी तसा. शंभरांतल्या नव्वद जणांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो. एखाद्या बाईत मात्र तो वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. त्यामुळं आज तपासणीत ‘एचपीव्ही पॉझिटिव्ह’ आलं, तर तो कधी आला, कुणाकडून आला, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी आलेला असू शकतो. नवऱ्याला तो लग्नाआधी झालेला असू शकतो. त्या कागदाचा आणि बाईच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. मागं बसलेल्या बाप्यांनी हे नीट ऐकावं. एका रिपोर्टवरून माहेरी पाठवलेली मुलगी माझ्याकडं रडत आली होती. तिला कर्करोग नव्हता, कर्करोगाआधीचं काही नव्हतं, वर्षभरानं तिचा विषाणूही गेला. पण संसार पुन्हा जुळला नाही.

विषाणू न जाता रेंगाळला तर त्या पट्ट्यातल्या पेशी हळूहळू बदलायला लागतात. हा बदल कर्करोग नव्हे. तो कर्करोगाकडं जाणाऱ्या वाटेवरचा आहे, आणि त्यांतल्या बहुतेक पेशी त्या वाटेवरून परतही फिरतात. विषाणू शरीरात राहिल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण दहा-वीस वर्षं जातात. इतका वेळ क्वचितच कुठला आजार देतो. ज्याला आपण तपासणी म्हणतो ती या दहा-वीस वर्षांत केव्हातरी डोकावून पाहणं आहे. त्रास होत नसताना पाहायचं, हेच तर तिचं मर्म. ज्या बाईला संबंधानंतर रक्त जातं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसतं, किंवा अंगावरून घाण वासाचं, रक्ताच्या रंगाचं पाणी जातं, तिनं तपासणी शिबिराची वाट पाहू नये. तिनं लगेच डॉक्टरांकडं जाऊन पिशवीचं तोंड डोळ्यांनी तपासून घ्यावं. ती गोष्ट वेगळी.

डोकावायचे मार्ग तीन. एक, पॅप स्मिअर. जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक माणसानं अमेरिकेत ही पद्धत बसवली आणि १९४३ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत तिच्यावर ग्रंथ लिहिला. पिशवीच्या तोंडाच्या पेशी खरवडून काचेवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. दोन, व्हीआयए. हा शब्द आशाताईंकडून तुम्ही ऐकला असेल. पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरचाच प्रकार, कापसानं तोंडाला लावायचं आणि मिनिटभर थांबून पाहायचं. जिथं पेशी बदलल्या असतील तिथं पांढरा डाग उठतो. खर्च कमी, निकाल तिथल्या तिथं. आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीपासून पासष्टपर्यंत दर पाच वर्षांनी हीच तपासणी सांगितली आहे. तीन, एचपीव्हीची तपासणी, जी विषाणूच शोधते. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून हिला पहिला मान देते. हिच्यासाठी नमुना बाई स्वतःसुद्धा घेऊ शकते. ज्या बायांना तपासणीच्या टेबलावर झोपायचीच लाज वाटते, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

केदारेश्वराच्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर आपल्याकडं सुरसुंदरी कोरल्या आहेत. चालुक्यांच्या काळच्या कारागिरानं बाईचं शरीर किती मोकळ्या मनानं घडवलंय ते तुम्ही रोज पाहता. आणि त्याच गावातली बाई माझ्यासमोर बसून ‘खाली’ या शब्दापलीकडं जात नाही. मी तिला दोष देत नाही. तिला शब्दच दिले नाहीत आपण.

आता रिपोर्ट. पॅपच्या रिपोर्टवर काही इंग्रजी अक्षरं असतात, ती मी मराठीत सांगते. ‘अनसॅटिस्फॅक्टरी’ म्हणजे नमुना नीट आला नाही, पुन्हा घ्यायचा. यात घाबरायचं काही नाही, पण पुन्हा जायचं मात्र विसरायचं नाही. ‘इन्फ्लमेटरी’ म्हणजे सूज किंवा संसर्ग. कर्करोगाशी नातं नाही. पांढऱ्या जाण्यावर औषध घ्यायचं. एकटीनं घेऊन चालत नाही, काही संसर्गांत नवऱ्यानंही सोबत घ्यावं लागतं. ‘आस्कस’ म्हणजे पेशी जराशा वेगळ्या दिसतात, पण त्याचा अर्थ लागत नाही. बहुतेक वेळा त्यातून काही निघत नाही. एचपीव्हीची तपासणी करायची किंवा वर्षानं पुन्हा पॅप. ‘एलसिल’ म्हणजे सौम्य बदल, बहुतेक वेळा विषाणू आहे एवढीच खूण. ‘एचसिल’ म्हणजे जास्त बदल. इथं मात्र उशीर करायचा नाही. आणि ‘एजीसी’ हे क्वचित दिसतं, पण ते आतल्या बाजूच्या पेशींबद्दल असतं, म्हणून त्याची तपासणी जरा खोलवर करावी लागते.

यांतल्या एकाही अक्षराचा अर्थ ‘पिशवी काढा’ असा नाही.

हे मी एवढ्या ठामपणे कशावरून सांगते, तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यावरून. बालाघाट ओलांडून पलीकडं गेलं की धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद. त्याला लागून बार्शी. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात मुंबईच्या टाटा रुग्णालयानं ग्रामीण कर्करोग प्रकल्प सुरू केला. १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही तिथं उघडली. कस्तुरी जयंत यांनी तिच्यामागं कष्ट घेतले. नोंदवहीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून बायांशी बोलायचे, लक्षणं सांगायचे. नुसत्या त्या बोलण्यानंसुद्धा बाया लवकर दाखवायला लागल्या आणि आजार आधीच्या टप्प्यावर सापडायला लागला. त्या पायावर १९९९ मध्ये जगातल्या फार मोठ्या चाचण्यांपैकी एक तिथं उभी राहिली. रंगस्वामी शंकरनारायणन, भगवान नेने, सुरेंद्र शास्त्री ही त्यातली माणसं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. काही गावांत पॅप, काही गावांत व्हीआयए, काही गावांत एचपीव्ही, आणि काही गावांत फक्त माहिती. त्यांचे नंतर अनेक वर्षं हालहवाल घेतले आणि २००९ मध्ये निकाल छापून आला. ज्या गावांत एकदाच, आयुष्यात फक्त एकदाच, एचपीव्हीची तपासणी आणि त्यानंतर लागेल तो उपचार झाला, तिथल्या ३४,१२६ बायांपैकी या आजारानं ३४ गेल्या. ज्यांना फक्त माहिती दिली, त्या ३१,४८८ पैकी ६४. जवळजवळ अर्धे मृत्यू टळले.

त्या ६४ जणींबद्दल मी दरवेळी थोडं थांबते. त्या गावांत तपासणी का दिली नाही, असा आक्षेप नंतर घेतला गेला आणि तो आक्षेप मला हलका वाटत नाही. आज जगभरच्या मार्गदर्शिका ज्या आकड्यांवर उभ्या आहेत ते आकडे ऊस, ज्वारी आणि तुरीच्या रानातल्या, आपल्यासारख्याच नऊवारी-सहावारी नेसणाऱ्या बायांचे आहेत. आपल्याच बायकांनी हे ज्ञान जगाला दिलं, आणि ते आपल्याच गावांत पोचलेलं नाही. हे मला सहन होत नाही.

त्या चाचणीतला दुसरा आकडा मला आज तुमच्या मनावर ठसवायचा आहे. एचपीव्ही तपासलेल्या शंभर बायांत सुमारे दहा जणींचा निकाल पॉझिटिव्ह आला. व्हीआयएत शंभरात सुमारे चौदा. पण उपचार लागेल असा पक्का बदल शंभरात सुमारे एकीतच सापडला. म्हणजे पॉझिटिव्ह निघालेल्या दहा-चौदा जणींपैकी एकीला उपचार लागतो. बाकीच्यांना पुन्हा पाहणं लागतं, धीर लागतो, आणि वर्षभरानं परत येणं लागतं. पहिल्या पॉझिटिव्हवर जो सगळ्यांच्याच पिशव्या काढायला निघेल तो त्या एकीच्या नावावर बाकीच्यांना कापतो.

म्हणून पॉझिटिव्ह निकालानंतर पुढची पायरी असते कॉल्पोस्कोपी. नाव अवघड आहे, काम सोपं. हान्स हिन्सेलमान नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९२५ मध्ये तिचं यंत्र केलं. ते यंत्र योनीत घालायचं नसतं. ती बाहेर उभी असलेली दुर्बीण असते, तिच्यातून पिशवीचं तोंड मोठं करून पाहायचं. तेच अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, कुठं डाग उठतो ते पाहायचं आणि शंका असेल तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा. चिमटा बसल्यासारखं दुखतं. थोडं रक्त जातं, दोन-चार दिवसांत थांबतं. त्या तुकड्याच्या तपासणीत ‘सीआयएन’ एक, दोन किंवा तीन असा आकडा येतो. एकचा बदल बहुतेक वेळा आपोआप मिटतो, त्याला हात लावायचा नाही, फक्त वर्षानं पाहायचं. दोनमध्ये वय पाहतात, मुलं व्हायची आहेत का ते पाहतात. तीनला उपचार करतात.

तो उपचारही पिशवीचा नसतो, तोंडाच्या त्या अरुंद पट्ट्याचा असतो. एक तर तापवलेली कांडी मिनिटभरापेक्षा कमी वेळ तिथं टेकवून बिघडलेल्या पेशी जाळायच्या. याला थर्मल अ‍ॅब्लेशन म्हणतात. यंत्र हातात मावतं, बॅटरीवरही चालतं, भूल लागत नाही. किंवा गोठवून मारायच्या, याला क्रायो म्हणतात. किंवा विजेच्या तारेच्या बारीक कड्यानं तेवढा पट्टा काढून घ्यायचा. याला लीप म्हणतात, जागेवरच सुई देऊन करतात आणि बाई त्याच दिवशी घरी जाते. नंतर तीन-चार आठवडे पाण्यासारखं जातं. महिनाभर नवऱ्यापासून लांब राहायचं, जड उचलायचं नाही. पिशवी जागेवर राहते, पाळी येते, मूल राहू शकतं. मग वर्षानं एक तपासणी, आणि तिचं काय आलं त्यावर पुढची तारीख.

हा उपचार नीट पुरा होणं किती महत्त्वाचं असतं ते न्यूझीलंडमधून कळलं. ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत सीआयएन तीन सापडलेल्या काही बायकांचा पुरता उपचार केलाच नाही, नुसतं पाहत राहिले. पत्रकार सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी १९८७ मध्ये ते उजेडात आणलं. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी बसली, १९८८ मध्ये अहवाल आला. पुढं २००८ मध्ये त्या बायकांच्या नोंदी तपासल्या. ज्यांचा उपचार अपुरा राहिला त्यांच्यापैकी शंभरात एकतीस जणींना तीस वर्षांत कर्करोग झाला. ज्यांचा नीट झाला त्यांच्यात शंभरात एकीलाही नाही.

तिथं डॉक्टरांनी दोष पाहिला आणि केलं काही नाही. इथं बीडमध्ये काही न पाहता सगळं करून टाकलं. दोन्हीकडं बाईला विचारलं नाही, आणि दोन्हीकडं तिच्या हातातला कागद तिला वाचून दाखवला नाही.

चाळिशीच्या आत पिशवी गेलेल्या बायांची हाडं मी पाहिली आहेत. कित्येकींची पिशवीबरोबर अंडाशयंही काढलेली असतात आणि ते त्यांना माहीतही नसतं. अंडाशयं गेली की पाळीबरोबर अंगातले हार्मोनही जातात. अंगाची आग, झोप नाही, सांधे धरतात, हाडं ठिसूळ होतात. पंचेचाळिसाव्या वर्षी म्हातारपण येतं आणि हातात कोयता तसाच असतो. “कंबर दुखती म्हणून पिशवी काढली, आता तर लईच दुखती,” हे वाक्य मी मोजायचं सोडून दिलंय.

आता आपल्या मातीतली खरी अडचण. मी वर्षानं या, सहा महिन्यांनी या असं लिहून देते. पण धर्मापुरीची बाई सहा महिने धर्मापुरीत असते का? दसरा-दिवाळीला ऊसतोडीची टोळी निघते ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परतते. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी कर्नाटकात. भाद्रपदात शिबिर झालं, रिपोर्ट कार्तिकात आला, तेव्हा बाई कारखान्याच्या तळावर कोपी टाकून बसलेली असते. रिपोर्ट आरोग्य केंद्राच्या कपाटात आणि ती फडात. पाडव्याला ती येते तेव्हा कुणाला आठवत नाही. एचसिल लिहिलेला कागद मी असा कपाटात सापडलेला पाहिला आहे. आम्ही तिला शोधलं, तिचा उपचार वेळेत झाला. पण आम्हाला तो कागद योगायोगानं सापडला होता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. आपल्या जिल्ह्यात तपासणी उन्हाळ्यात करावी, पाडवा ते आषाढ, टोळ्या परत आल्यावर. मग पॉझिटिव्ह निघालेल्या बाईला कॉल्पोस्कोपी आणि उपचार दोन्ही निघण्याआधी मिळतात. शक्य तिथं पाहणं आणि उपचार एकाच खेपेत व्हावेत. जागतिक आरोग्य संघटनाही आता त्याला मान्यता देते, आणि थर्मलचं यंत्र उपजिल्हा रुग्णालयात ठेवणं काही अवघड नाही. रिपोर्टची एक प्रत बाईच्या हातात, एक आशाताईकडं. फोन नंबर लिहिताना तिचा एकटीचा न लिहिता गावात मागं राहणाऱ्या सासूचा किंवा जावेचाही लिहावा, कारण फडात मोबाइल चार्ज असतोच असं नाही. मुकादमांनाही मी सांगते. तुम्ही इथं दोन-तीन जण बसलेले मला दिसताय. टोळी भरताना उचल मोजता, कोयते मोजता. ज्या बाईची पुढची तारीख बाकी आहे तिला चार दिवस उशिरा फडात नेलंत तर तुमचा कारखाना बंद पडत नाही.

आशाताईंना मला वेगळं सांगायचंय. तुम्ही आज गावात या कामाचा कणा आहात. पॉझिटिव्ह हा शब्द बाईला अंगणात, चार माणसांत सांगू नका. घरात नेऊन सांगा, आणि पहिल्या वाक्यातच सांगा की पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे. मग बाकीचं. पहिल्या वाक्यानंतर बाईला बाकीचं ऐकूच येत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

मुलींबद्दल थोडं. विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं भारतात बनवलेल्या लशीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. एक मात्रासुद्धा चांगलं संरक्षण देते, हे दाखवणाऱ्या भारतातल्या अभ्यासात बार्शीच्याही मुली होत्या. लस लग्नाआधी, वयात येताना द्यायची. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच. गरोदर बाईचा रिपोर्ट बिघडलेला आला तर घाबरून मूल पाडू नका, कर्करोगाआधीच्या बदलांचा उपचार बाळंतपणानंतर करता येतो. ज्यांना एचआयव्ही आहे त्यांनी पंचविशीपासून आणि जास्त वेळा तपासून घ्यावं. आणि ज्यांना प्रत्यक्ष कर्करोग निघालाय त्यांच्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार आहेत, दागिने मोडू नका.

शेवटी, ज्यांची पिशवी आधीच काढली आहे, अशा बाया इथं आहेत. मी हात वर करायला सांगणार नाही. तुम्हाला वाटत असेल की आपला प्रश्न मिटला. काहींचा मिटला असेल. पण काही शस्त्रक्रियांत पिशवी काढतात आणि तोंड तसंच ठेवतात. तोंड असेल तर तुमची तपासणी इतरांसारखीच राहते. आणि पिशवी काढायच्या आधी जर रिपोर्टमध्ये एचसिल किंवा सीआयएन दोन-तीन असं काही असेल, तर पिशवी नसली तरी पुढची वर्षं पाहत राहावं लागतं. तुमच्याकडं कुठंतरी ते कागद असतील. डिस्चार्ज कार्ड, तुकड्याचा रिपोर्ट. घरी गेल्यावर पत्र्याची पेटी उघडा, धान्याच्या कणगीमागं पाहा, देवघरातल्या फोटोच्या मागंसुद्धा ठेवलेले असतात मला ठाऊक आहे. कागद नसतील तर ज्या दवाखान्यात केलं तिथं मागायचा तुम्हाला हक्क आहे.

मी उद्या दुपारी तीनपर्यंत शाळेतच आहे, जिथं बाईंचा वर्ग भरायचा त्याच खोलीत. कागद घेऊन या. मी वाचून दाखवते.